मालिकांनी घरं मोडली म्हणे. बरं, मग आता ऐका

परवा संध्याकाळी पावणेआठला मावशीचा फोन आला आणि मी आधी घाबरलेच. साडेसात ते नऊ ही मावशीची वेळ. त्या वेळात घरी पाहुणा आला तरी त्याला चहा ब्रेकमध्येच मिळतो. उचलला फोन, म्हटलं काय झालं, तर म्हणते, "काही नाही गं, सहज. टीव्ही बंदच आहे. दादाने मराठी पॅक काढून टाकला. बरंच झालं म्हणा, तो मेसेज वाचलास ना ग्रुपवर? मेंदूवर परिणाम होतो म्हणे."

मी वाचला नव्हता. फॅमिली ग्रुपवर रोज एवढी फुलं आणि सुप्रभात येतात की त्यात कोण काय वाचणार. मग वर वर सरकत जाऊन शोधला. नाव, 'घराघरातला विषाचा डबा'. लाल दिव्याचे इमोजी, मध्येमध्ये जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा. एक, टीव्ही बघताना मेंदू झोपेपेक्षाही कमी काम करतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. दोन, दूरदर्शनच्या काळी जाहिराती नव्हत्या, संस्कार होते, रामायण बघून एक पिढी घडली. तीन, खाजगी चॅनलच्या मालिका आल्या आणि बायका बिघडल्या, सुना उलटून बोलायला लागल्या, घटस्फोट वाढले, घरं मोडली. चार, हे सगळं परदेशी शक्तींचं कारस्थान, टेलिव्हिजन म्हणजेच 'टेल लाय व्हिजन'. पाच, बघायचंच असेल तर बातम्या बघा, ज्ञान वाढेल. शेवटी अकरा जणांना पाठवा, आणि खाली सही, एक जागरूक नागरिक.

नंतर हाच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर सापडला, ऑफिसच्या ग्रुपवर सापडला आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपवरही सापडला, तेव्हा जागरूक नागरिक काही कमी नाहीयेत.

मावशी म्हणजे कोण तेवढं सांगते म्हणजे मला राग का आलाय ते कळेल. वय ६८. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, मिरजेजवळच्या खेड्यांत, एसटीने जाऊन-येऊन. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे होते तेव्हा बघितलंय, पेपर पसरून त्यावर मेथीच्या दोन जुड्या, ही निवडतेय आणि टीव्हीशी बोलतेय. पडद्यावर खलनायिका कसलंसं पत्र देव्हाऱ्यामागे लपवत होती आणि सून तिथेच समोर हात जोडून उभी, तर ही म्हणे, "अगं बये, डोळे उघड आणि मागं बघ!" ब्रेक लागला की उठून कुकर लावते, कारण तीन शिट्ट्या बरोबर एका ब्रेकमध्ये बसतात. असल्या बाईला आता तिचाच मुलगा सांगतोय की आई, तुझा मेंदू चालत नाहीये. आणि तिने ते मान्य केलं, मला ते जास्त लागलं.

मेंदूचंच आधी घेऊ, ते पटकन उरकतं. या दाव्याच्या मागे मागे जात राहिलं की बहुतेक वेळा हर्बर्ट क्रुगमन नावाच्या अमेरिकन संशोधकापाशी येऊन पोचायला होतं. हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीत होता आणि याला बघायचं होतं जाहिराती डोक्यात कशा शिरतात ते. त्याने १९६९ च्या सुमारास एका तरुण मुलीच्या, सेक्रेटरीचं काम करणाऱ्या, डोक्याला इलेक्ट्रोड लावला, आधी मासिक चाळायला दिलं, मग टीव्हीवरच्या जाहिराती दाखवल्या. टीव्हीच्या वेळी मेंदूच्या लहरी संथ दिसल्या. एक मुलगी. एकच. तिच्या डोक्यावरून अख्ख्या जगाच्या डोक्याचा निकाल लागला आणि पन्नास वर्षं तो फिरतोय. आणि त्या ज्या अल्फा लहरी म्हणतात ना, त्या माणूस जागा आणि निवांत असला की दिसतातच, देवासमोर डोळे मिटून स्वस्थ बसलात तरी दिसतील. गाढ झोपेतल्या लहरी वेगळ्या, त्याहून कितीतरी संथ. आणि झोपेत मेंदू काय सुट्टीवर जातो का, स्वप्नं कोण पाडतं मग? तेव्हा 'झोपेपेक्षा कमी' वगैरे सोडून द्या. लहान पोरांना टीव्हीपुढे बसवू नका हे मात्र खरं आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. पण दादा, तुझी आई दोन वर्षांची नाहीये. दोन वर्षांचा तुझा मुलगा आहे आणि तो जेवताना मोबाईल बघतो.

चौथा मुद्दा, परदेशी कारस्थान. झी सुरू केलं २ ऑक्टोबर १९९२ ला, सुभाष चंद्रांनी, माणूस हरियाणातल्या हिसारचा. अल्फा मराठी आलं १५ ऑगस्ट १९९९ ला, पुढे त्याचंच झी मराठी झालं. मालिकांची शूटिंगं कुठे होतात तर गोरेगावात, मढला, घोडबंदर रोडला, नाहीतर सातारा-कोल्हापूरकडे एखादा वाडा भाड्याने घेऊन. सासूने सुनेच्या खिरीत मीठ घालायचं हे लिहायला परदेशातून कोणी यायला लागत नाही हो, ते आपलं आपल्याला जमतं. आणि 'टेल लाय व्हिजन' यावर मी काही बोलणार नाही, असल्या कोट्या आमचे एक सर नववीत करायचे.

आता दूरदर्शन. इथे मला थोडं सांभाळून बोलावं लागेल कारण आमच्याही घरात दूरदर्शनचं नाव घेतलं की लोक हळवे होतात. आणि खरंच, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं त्यानंतरची काही वर्षं तिथे चांगलं काम झालं, गजरा होता, प्रतिभा आणि प्रतिमा होतं, चिमणराव होता, स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी तिथे बातम्या वाचायची. हे मी नाकारत नाहीये. शेतकऱ्यासाठी मराठीत कार्यक्रम लागायचा, आज कुठल्या खाजगी चॅनलला त्याची आठवण आहे? हा एक गुण मेसेजवाल्याला देऊन टाकला.

पण 'जाहिराती नव्हत्या' हे साफ खोटं. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आहेत. 'हम लोग' ही आपली पहिली मोठी मालिका, ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, तिला प्रायोजक कोण होतं तर मॅगी. दोन मिनिटांच्या नूडल्स आपल्या डब्यात आल्या त्या संस्काराच्याच वाटेने आल्या. बरं ती मालिका मुद्दाम लोकशिक्षणासाठी काढलेली, कुटुंबनियोजन, मुलींचं शिक्षण, बाईचा दर्जा वगैरे, मेक्सिकोतल्या अशाच मालिकांवरून कल्पना घेतलेली. त्यात भागवंती नावाची सोशिक आई होती, ती दाखवली होती बाईने असं सोसत राहू नये म्हणून. आणि नंतर अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तर बऱ्याच जणांना ती भागवंतीच आदर्श वाटलेली. सरकारने संस्कार एक केला, लोकांनी घेतला भलताच. टीव्ही बघणारा माणूस मातीचा गोळा नसतो, एवढं तरी यातून कळावं.

आणि संस्कार म्हणजे नक्की काय? फेब्रुवारी १९७७, आणीबाणी संपत आलेली, दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा, जगजीवनराम बोलणार. लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी 'बॉबी' लावला. लोक तरीही सभेला गेले तो भाग वेगळा. आनंद पटवर्धनांना तर आपली डॉक्युमेंटरी दूरदर्शनवर दाखवावी म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, २००६ साली कोर्टाने दूरदर्शनला ती दाखवायला लावली. एकच चॅनल असल्यावर काय होतं ते हे असं होतं. 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी आपण सगळे प्रेमाने आठवतो, पण काही व्यत्यय पाटी न लावताच यायचे.

माझी आई सांगते, त्यांच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता. रविवारी सकाळी सगळी पोरं तिकडे. पण सगळी आत नाही जायची. काही पोरं सोफ्याशी, काही फरशीवर आणि दोन पोरं कायम खिडकीच्या गजांना धरून बाहेर. कोण आत आणि कोण बाहेर हे त्या घरच्या आजींना कोणी शिकवायला लागलं नव्हतं. 'अख्खा गाव एकत्र बसून रामायण बघायचा' हे वाक्य वाचलं की मला ते गज दिसतात.

बरं आता तिसरा मुद्दा. ह्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले. मालिकांनी बायका बिघडल्या, सुना उलटून बोलायला लागल्या, घरं मोडली.

आधी घटस्फोटाचं. मेसेजमध्ये आकडा नाहीये, पण दादाला फोन केला तर तो म्हणाला "अगं आजकाल दोनातला एक मोडतो". कुठे? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं सुमारे १३.६ लाख होती. लग्न झालेल्यांच्या मानाने पाव टक्कासुद्धा नाही. आणि त्याच जनगणनेत 'विभक्त', म्हणजे घटस्फोट न होता वेगळं राहणारे, त्यांची संख्या याच्या जवळजवळ तिप्पट. आणि दोन्हींत बायका पुरुषांपेक्षा जास्त, कारण पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो. ह्या विभक्त बायकांना आपल्याकडे काय म्हणतात ते आपल्याला माहितीये. टाकलेली. 'तिला नांदवत नाहीत.' कोर्ट नाही, कागद नाही, पोटगी नाही, माहेरच्या मागच्या खोलीत भावजयीच्या हाताखाली जन्म काढायचा. आमच्याच नात्यात दोघी होत्या, एक तर अशी की तिला दिवाळीत नवं लुगडं मिळायचं तेव्हा ती ते घेऊन आधी भावजयीच्या तोंडाकडे बघायची. त्यांची लग्नं कुठल्या मालिकेने मोडली? तेव्हा तर टीव्हीच नव्हता.

आणि टीव्ही होता तेव्हाचं सांगते. रामायण दूरदर्शनवर लागलं जानेवारी १९८७ मध्ये आणि संपलं जुलै १९८८ मध्ये. रस्ते ओस पडायचे, लोक टीव्हीला हार घालायचे, सगळं खरं. त्याच १९८८ मध्ये आपल्या संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली होती. टाकलेल्या बायका स्वतः उभ्या राहून बोलल्या, आमचं काय ते सांगा म्हणाल्या. त्याच्या आधी, १९८३ मध्ये, सासरच्या छळासाठी ४९८ अ हे कलम आलं. १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब आलं. हे कायदे काय हौस म्हणून आले का? केबल यायला अजून काही वर्षं होती, 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका यायला २००० उजाडायचं होतं, आणि स्टोव्हचे भडके त्याच्या आधीच उडत होते. घरं मोडत नव्हती कारण मोडलेल्या घरातून बाईला बाहेर पडायला दार नव्हतं. त्याला तुम्ही टिकलेली घरं म्हणणार असाल तर म्हणा.

आता 'बायका बिघडल्या' याबद्दल. यावर खरंच अभ्यास झालाय, आणि आपल्याकडेच झालाय. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा, २००९ मध्ये छापून आलेला. त्यांनी बिहार, हरियाणा, तामिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथल्या १८० खेड्यांमधल्या घरांची २००१ ते २००३ अशी तीन वर्षं पाहणी वापरली. त्या तीन वर्षांच्या मध्येच काही गावांत पहिल्यांदा केबल आली, काही गावांत आधीच होती, काहींत आलीच नाही. मग सोपं आहे, तेच गाव केबलच्या आधी आणि केबलच्या नंतर, आणि शेजारी न आलेली गावं, अशी तुलना. काळ तोच, 'क्योंकि सास भी कभी बहू थी' जोरात असतानाचा, म्हणजे मेसेजवाल्याचं जे विष आहे ते अगदी शुद्ध स्वरूपात.

बायकांना प्रश्न काय विचारले होते बघा. नवऱ्याने बायकोला मारणं कधी योग्य? ती न सांगता घराबाहेर गेली तर? स्वयंपाक नीट केला नाही तर? पोरांकडे दुर्लक्ष केलं तर? माहेरून पैसे आले नाहीत तर? नवऱ्याचा मान ठेवला नाही तर? आणि, पुढचं मूल मुलगाच हवा का? बाजारात जायला परवानगी लागते का? केबल आली त्या गावांत 'मारलं तर ठीकच' म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. मुलगाच हवा म्हणणाऱ्या कमी झाल्या. घरातल्या निर्णयात आमचं चालतं म्हणणाऱ्या वाढल्या. मुली शाळेत जास्त जायला लागल्या आणि दोन बाळंतपणांतलं अंतर वाढलं.

मी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हसूच आलं, कारण मेसेजवाल्याचं निरीक्षण चुकलेलं नाहीये! सुना उलटून बोलायला लागल्या म्हणतो, बरोबरच आहे त्याचं. न विचारता बाजारात जायला लागली, मार खायला नको म्हणायला लागली, दुसरी मुलगी झाली तरी पुरे म्हणायला लागली. तेच त्याने बघितलं आणि तेच त्या दोघांनी मोजलं. फक्त हा त्याला बिघडणं म्हणतो.

आता प्रामाणिकपणे, हा अभ्यास म्हणजे वेदवाक्य नाही. बायका काय बोलल्या ते त्यात आहे, घरात खरंच मार कमी झाला का ते नाही. महाराष्ट्रातली गावं त्यात नाहीत, शेजारचा गोवा आहे. आणि नंतर दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे घेऊन या मोजमापावर शंकाही काढल्यात, ते चालायचंच. पण जागरूक नागरिकाकडे तर एवढंही नाहीये, त्याच्याकडे इमोजी आहेत. ब्राझीलमध्येही असाच अभ्यास झालाय, तिथे ग्लोबो नावाच्या चॅनलच्या मालिका जिथे जिथे पोचल्या तिथे बायकांना मुलं कमी व्हायला लागली, कारण मालिकेतल्या घरांत मुलं एक नाहीतर दोन. आणि लोक पोरांची नावंही मालिकेतल्या पात्रांवरून ठेवायला लागले. आपल्याकडे बारशाला जा, तेच ऐकायला मिळेल.

हे असं का होत असेल? मालिका काही क्रांती करायला निघालेल्या नसतात. पण खेड्यातल्या बाईला त्यात काय दिसतं ते बघा. सून गाडी चालवतेय. बाई ऑफिसात जातेय. मुलगी कॉलेजला आहे आणि कोणी तिला त्याबद्दल विचारत नाहीये. कथा सासू-सुनेची असते पण मागे जे घर दिसतं, जी माणसं दिसतात, तिकडेही डोळे जातातच की. मावशी मला एकदा म्हणाली होती, आमच्या शाळेतल्या पोरांच्या आया केबल आल्यावर पहिल्यांदा विचारायला लागल्या, बाई, मुलीला दहावीनंतर काय काय करता येतं?

आता कोणी म्हणेल ही मालिकांची वकिली करतेय. नाही हो. मला मालिका बघवत नाहीत. तीच तीच बाई, शिकलेली, कर्तबगार, सगळ्यांचं सहन करणारी, आणि सगळ्या घराने छळलं तरी पहाटे उठून त्यांच्यासाठी उपमा करणारी. मंगळसूत्र तुटलं की तीन वेळा तीन बाजूंनी क्लोजअप आणि तो ढॅण्ण आवाज. वाईट बाई ओळखायची कशी तर तिची बाही कापलेली असते. ट्रॅक चालला की त्यात पाणी घालत बसायचं, नाही चालला की लीप घ्यायची, नाहीतर महाएपिसोड. घरकाम करणारी बाई असेल तर ती विनोदालाच, आणि आडनावं बघा एकदा सगळ्यांची, महाराष्ट्रात तेवढीच आडनावं आहेत का? हे सगळं खरं आहे, आणि यावर कोणी मेसेज केला तर मी स्वतः अकरा जणांना पाठवीन. पण मेसेजवाल्याचा आक्षेप हा नाहीच. सून सोसते याचं त्याला काही नाही, ती शेवटच्या एपिसोडला तोंड उघडते त्याचा त्रास आहे.

आणि हे सगळं करून झाल्यावर पाचवा मुद्दा काय, तर बातम्या बघा!

आमच्या काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, हा मुद्दा फार आवडला. मावशीचं चॅनल गेलं पण काकांचं नऊ वाजताचं राहिलं. पडद्यावर आठ खिडक्या, आठ माणसं एकदम ओरडतायत, मागे ज्वाळा, खाली दोन पट्ट्या उलट्या दिशेने पळतायत, आणि आवाज एवढा की खालच्या मजल्यावरचे लोक बेल वाजवून जातात. त्यांना बीपीची गोळी आहे, ती ते त्या कार्यक्रमाच्या आधी घेतात. मावशीच्या मालिकेतली कारस्थानं निदान खोटी आहेत हे मावशीला माहीत असतं.

ज्ञानाचं म्हणाल तर २६ नोव्हेंबर २००८ आठवा. ताज जळतंय, कमांडो उतरतायत आणि आपली चॅनलं हे सगळं लाइव्ह दाखवतायत, आणि पलीकडे पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार तेच बघून फोनवर अतिरेक्यांना सूचना देतायत. कसाबच्या खटल्यात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने निकालात यावर चॅनलांची स्पष्ट शब्दांत कानउघाडणी केली होती, की यात देशहित वगैरे काही नव्हतं, स्वतःचा धंदा होता. कुठल्या मालिकेने आजवर एवढा धोका केलाय?

आणि २०२०. जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत गेला आणि पुढचे कित्येक महिने एका मुलीला, त्याच्या मैत्रिणीला, रोज रात्री पडद्यावर फाशी दिली गेली. काळी जादू काय, विषकन्या काय. तिच्या बिल्डिंगखाली सामान द्यायला आलेल्या डिलिव्हरीवाल्याच्या मागे माईक घेऊन पळणारे रिपोर्टर आपण सगळ्यांनी बघितले. लॉकडाऊन चालू, लोकांच्या नोकऱ्या जातायत, माणसं पायी गावाला गेली, आणि चर्चा याची. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये या मीडिया ट्रायलवर ताशेरे ओढले, दोन चॅनलांचं वार्तांकन सकृतदर्शनी कोर्टाचा अवमान करणारं आहे म्हटलं. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, दिला. त्या रिपोर्टवर किती रात्री आठ खिडक्या भरल्या? काकांना मी विचारलं, तर त्यांना तो आलाय हेच माहीत नव्हतं. रोज बातम्या बघून.

हे का होतं त्याचं साधं कारण टीआरपी आहे, म्हणजे कुठलं चॅनल किती बघितलं जातं त्याचा आकडा, आणि ते मालिकांनाही तसंच लागू आहे म्हणून सांगते. बार्क ही संस्था देशभरात थोड्या घरांत मीटर बसवते, २०२० साली ती घरं होती सुमारे ४४ हजार, आणि टीव्ही असलेली घरं त्यांच्याच अंदाजाने २१ कोटी. तेवढ्यावर सगळ्या जाहिरातींचे दर. बातम्यांच्या एखाद्या छोट्या चॅनलला मोजक्या मीटरवाल्या घरांनी टीव्ही लावून ठेवला तरी क्रमांक हलतो. त्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला होता की काही घरांना महिन्याला चारपाचशे रुपये देऊन ठराविक चॅनल चालू ठेवायला सांगितलं जात होतं. ती केस पुढे सरकारनेच मागे घेतली, २०२४ मध्ये कोर्टाने तशी परवानगी दिली, त्यामुळे त्यातलं खरंखोटं कोर्टात सिद्ध झालं नाही हेही सांगायला हवं. पण बार्कने स्वतः बातम्यांच्या चॅनलांचं रेटिंग दीड वर्षाच्या आसपास बंद ठेवलं होतं, ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२, ते काही उगीच नाही. मालिकांचं रेटिंग चालूच होतं.

अजून एक, आणि हे दादासाठी. तू म्हणालास खर्च वाचतो. २०१९ पासून चॅनलं वेगवेगळी निवडून पैसे भरायची पद्धत आली, त्यात बातम्यांची बरीचशी चॅनलं फुकट असतात आणि मालिकांची विकत. त्यामुळे घरात 'उगाच पैसे जातात' असा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड कोणावर पडणार हे ठरलेलंच. घरातला रिमोट संध्याकाळी दीड तास जिच्या हातात असतो तिच्यावर. चोवीस तासांतले दीड तास. मॅचच्या दिवशी तेही नाहीत. तुझ्या आईने तुझ्या शाळेच्या फीसाठी तिच्या पगारातून भिशी लावली होती ते तुला आठवत असेल, तेव्हा तिने तुला मेसेज नव्हता पाठवला.

असो. रागाच्या भरात जास्त लिहिलं गेलं. रविवारी मी माझ्या फोनवरून मावशीचा पॅक परत चालू केला, ग्राहक क्रमांक तिच्याकडून फोनवर घेतला, तिने तो पाठ होता तसा घडाघडा म्हणून दाखवला (मेंदू बंद पडलाय ना तिचा). दादाला मी ग्रुपवरच कळवलं, त्याने अंगठा पाठवला, काकांनी काहीच पाठवलं नाही.

काल साडेनऊला मावशीचा फोन. मी विचारलं, काय मग, बारा दिवसांचं बुडलं, काय काय झालं? तर म्हणाली, "अगं कसलं काय, मी गेले तेव्हा हिला हळद लागत होती, अजून तीच हळद चालू आहे मेली."